कांद्याच्या मुळाच्या टोकाशी: पेशी का विभागते, कधी विभागते आणि कशाने थांबते

निपाणीजवळच्या एका गावातून बेळगावला शिकायला येणाऱ्या, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने मला तीन प्रश्न विचारले आहेत. पेशी विभागतेच का, नुसती वाढत का राहत नाही, हा पहिला. विभागायची वेळ झाली हे तिला कोण सांगते, हा दुसरा. आणि पुस्तकात चार अवस्थांची इतकी स्वच्छ चित्रे असताना प्रात्यक्षिकात स्लाइडवर त्या दिसत का नाहीत, हा तिसरा. मी तीस वर्षांहून अधिक काळ बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि दरवर्षी कांद्याच्या मुळांची हीच स्लाइड मुलांकडून करून घेतली, त्यामुळे सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करतो. तो सर्वांत किरकोळ वाटतो, पण उरलेल्या दोन्ही प्रश्नांची वाट तिथूनच निघते.

कांद्याची जुनी, वाळलेली मुळे खरवडून त्याचे बूड पाण्याला जेमतेम टेकेल अशा बेताने तो बाटलीच्या तोंडावर ठेवला, की तीनचार दिवसांत दोनतीन सेंटिमीटर लांबीची पांढरी मुळे येतात. ती सकाळी कापून अ‍ॅसिटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवायची, नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून मऊ करायची, रंगवायची, आणि टोकाचा दोनतीन मिलिमीटरचा तुकडा स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिपखाली अंगठ्याने सरळ दाबायचा. दाबताना कव्हरस्लिप तसूभर जरी सरकली, तरी पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. नोकरीच्या सुरुवातीच्या एका वर्षी माझ्या संपूर्ण तुकडीच्या स्लाइडवर विभाजन पावणारी एकही पेशी सापडली नाही. विटांसारख्या लांबट, सुस्त पेशींच्या रांगाच रांगा दिसत होत्या. अर्ध्या तासाने उलगडा झाला. मुळाचे अगदी टोक किंचित पिवळसर, दुधी दिसते. ते कुजले आहे असे समजून मुलांनी तेवढेच कापून टाकून दिले होते आणि वरचा शुभ्र भाग जपून वापरला होता. चूक माझी होती, कारण मूळ टोकाशी वाढते हे मी फळ्यावर लिहिले होते, पण ते टोक दिसते कसे हे कोणालाही दाखवले नव्हते. मुळाच्या अगदी टोकावर संरक्षक टोपी असते, तिच्यामागे एकदोन मिलिमीटरचा विभाजनाचा पट्टा असतो, आणि त्याच्या वरच्या पेशी विभागणे सोडून केवळ लांब होत असतात. पहिली गोष्ट एवढीच, की वाढणे आणि विभागणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि वनस्पती ती मुळातच वेगवेगळ्या जागी करते.

टोक बरोबर घेतले तरीसुद्धा शंभर पेशींमधल्या दहाबारा पेशींतच गुणसूत्रे धाग्यांसारखी सुटी दिसतात. बाकीच्यांत नुसते गोल, रवाळ केंद्रक असते. विद्यार्थिनीची तक्रार नेमकी हीच आहे. तिला मी असे सांगेन: बेळगावच्या बसस्थानकाचा अचानक एक फोटो काढला आणि त्यात शंभरांपैकी नव्वद माणसे बाकावर बसलेली व दहा गाडीत चढताना दिसली, तर आपण काय समजू? चढायला थोडा वेळ लागतो आणि थांबण्यात पुष्कळ जातो, असेच ना? स्लाइड हा तसाच एका क्षणाचा फोटो आहे. ज्या अवस्थेतील पेशी अधिक, त्या अवस्थेला वेळ अधिक लागतो. पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढली जाण्याचा क्षण, स्लाइडवर सर्वांत दुर्मिळ असतो, कारण तो काही मिनिटांत उरकतो. पुस्तक चार अवस्थांना चार सारख्या चौकटी देते आणि त्यांच्याआधीचा प्रदीर्घ काळ एका ओळीत गुंडाळते. जुन्या पुस्तकांत तर त्या काळाला ‘विश्रामावस्था’ म्हटलेले असे. इतके दिशाभूल करणारे नाव आमच्या विषयात दुसरे नसेल, कारण पेशीचे खरे कष्ट त्याच काळात चाललेले असतात.

हे उमगायला शास्त्रज्ञांनाही बराच वेळ लागला. वाल्थर फ्लेमिंग यांनी (पेनिसिलिनवाले फ्लेमिंग ते वेगळे) सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या पेशी रंगवून गुणसूत्रांची हालचाल बारकाईने पाहिली आणि १८८२ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ‘मायटोसिस’ हे नाव दिले, आणि आपल्या ‘सूत्री विभाजन’ या शब्दात तो धागा तसाच टिकला आहे. परंतु ‘विश्रांती’त काय चालते हे कळायला १९५३ साल उजाडावे लागले. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातकुळीतील बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि डीएनए नेमका केव्हा तयार होतो ते तपासले. डीएनए विभाजनाच्या वेळी तयार होत नाही, त्याच्या बराच आधी, ठरावीक काही तासांच्या अवधीत तयार होतो आणि त्या अवधीच्या मागेपुढे मोकळा काळ असतो, असे त्यांना आढळले. आजचे जी-१ (आधीचा मोकळा काळ), एस (डीएनए तयार होण्याचा काळ), जी-२ (नंतरचा मोकळा काळ) आणि एम (प्रत्यक्ष विभाजन) हे टप्पे तिथून आले. प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी पेशी साधारण २४ तासांत हे चक्र पूर्ण करते, त्यातले सुमारे ११ तास जी-१ मध्ये, ८ एस मध्ये, ४ जी-२ मध्ये आणि प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम १ तास जातो.

‘विभाजन’ या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. आमच्या वर्गात पेशी, जीवकोश आणि सेल असे तिन्ही शब्द एकाच बाकावर बसलेले असायचे, मराठी शाळेतून आलेली मुले, कन्नड शाळेतून आलेली मुले आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक अशी ती तिहेरी बैठक. आणि तिन्ही भाषांत मुलांच्या डोळ्यांपुढे एका वस्तूचे दोन तुकडे होण्याचेच चित्र उभे राहायचे. मी त्यांना शेताच्या वाटणीचे उदाहरण देत असे. चार एकर जमीन दोन भावांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन एकर येते, आणि पुढच्या पिढीत एक. पेशीने असे केले असते तर काही पिढ्यांतच कोणाच्या हाती काही उरले नसते. पेशी आधी संपूर्ण इस्टेटीची हुबेहूब दुसरी प्रत तयार करते आणि मग प्रत्येकीला पूर्ण चार एकर देते. म्हणून विभाजनातील मुख्य काम दोन भाग करण्याचे नाही, प्रत काढण्याचे आणि ती न चुकता वाटण्याचे आहे.

प्रत किती मोठी असते, याचा अंदाज घ्यावा. माणसाच्या एका पेशीतील ४६ गुणसूत्रांत मिळून सुमारे ६४० कोटी अक्षरजोड्यांचा (डीएनएच्या रासायनिक कड्यांच्या जोड्यांचा) डीएनए असतो आणि तो सलग ताणला तर २ मीटर भरेल. कांद्याची गुणसूत्रे फक्त १६, पण त्याचा डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट आहे. म्हणजे आपण फोडणीत टाकतो त्या कांद्याच्या एकेका पेशीत दहा मीटरांहून अधिक लांबीचा धागा गुंडाळलेला असतो. (कांद्याची गुणसूत्रे इतकी ठसठशीत दिसतात आणि शाळा-कॉलेजांत तोच वापरला जातो, त्याचे हेही एक कारण.) मानवी पेशीत प्रत काढणारे विकर (एन्झाइम) सेकंदाला साधारण ५० अक्षरे पुढे सरकते. आपल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्राची प्रत मध्यावरच्या एकाच ठिकाणापासून दोन्ही दिशांना काढायला घेतली, तर जवळजवळ एक महिना लागेल. खानापूरकडे भातरोपांची लावणी पाहिलेल्याला उपाय सांगावा लागत नाही. शेताच्या एका कोपऱ्यापासून एकटी बाई लावत बसत नाही, रांगेत अनेकजणी एकदम वाकतात. पेशीही हजारो ठिकाणांहून एकाच वेळी सुरुवात करते आणि आठेक तासांत काम आटोपते. हजारो ठिकाणी सुरू झालेल्या या कामात कोणताही भाग दोनदा उतरवला जाऊ नये, यासाठी प्रत्येक आरंभस्थान एका चक्रात एकदाच वापरता येईल अशी कडी-कुलपाची व्यवस्था असते.

विकराचा हात पहिल्या फटक्यात एक लाख अक्षरांमागे साधारण एकदा चुकतो. तेवढ्यावर सोडले असते, तर प्रत्येक विभाजनात ६० हजारांहून अधिक चुका नव्या पेशींत गेल्या असत्या. तेच विकर मागे वळून चुकीचे अक्षर खोडते, आणि त्याच्या मागून दुरुस्तीच्या प्रथिनांचे एक पथक फिरते. या दोन चाळण्यांनंतर चुकीचे प्रमाण शंभर कोटी अक्षरांमागे एक किंवा त्याहूनही कमी उरते. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत असे, की उरलेल्या चुकाही निसर्गाने का काढल्या नाहीत? त्यातल्या त्यात हुशार मूल म्हणायचे, की त्या काढल्या असत्या तर उत्क्रांती झाली नसती. उत्तर चुकीचे नाही, परंतु पेशी उत्क्रांतीचा विचार करून काम करत नाही. चुका शून्यावर आणायच्या तर वेळ आणि ऊर्जा इतकी लागेल की तो सौदा परवडणार नाही, हे कारण अधिक साधे आहे आणि मला ते अधिक पटते.

आता प्रत्यक्ष विभाजनाचा तो एक तास. प्रत निघालेले प्रत्येक गुणसूत्र दोन जुळ्या धाग्यांचे असते आणि ते धागे कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी एकत्र बांधलेले असतात. पूर्वावस्थेत ते आवळून जाड होतात. लांब दोरी सोडवायची आणि वाटायची तर आधी तिच्या घट्ट गुंड्या करणे शहाणपणाचे, तसेच हे. केंद्रकाचे आवरण विरघळते. दोन्ही टोकांकडून सूक्ष्मनलिकांचा एक सांगाडा उभा राहतो, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता. सूत कातण्याच्या चातीसारखा दिसतो, म्हणून त्याच्या धाग्यांना तर्कुतंतू म्हणतात. तर्कू म्हणजे चाती. या नलिका सतत वाढतात, आखडतात आणि अंधारात चाचपडल्यासारख्या गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्रावरची जोडणीची जागा, शोधतात. प्रत्येक जोडीतील एक धागा एका टोकाशी आणि दुसरा धागा विरुद्ध टोकाशी जोडला गेला पाहिजे. तसे झाले की दोन्हीकडून ताण बसतो आणि गुणसूत्र मधल्या पातळीवर स्थिरावते. हीच मध्यावस्था.

इथे पेशी थांबते, आणि या थांबण्याला मी या साऱ्या घडामोडींत सर्वाधिक मान देतो. जोडले न गेलेले एक जरी गुणसूत्र शिल्लक असेल, तरी त्याच्या बिंदूपाशी ‘थांबा’ असा रासायनिक संदेश तयार होत राहतो आणि सगळी पेशी त्या एकट्यासाठी खोळंबते. शेवटचे गुणसूत्र जोडले गेले की संदेश बंद पडतो, सेपरेज नावाचे विकर मोकळे होते, ते कोहेसिनची कडी तोडते आणि सर्व जुळे धागे एकदम सुटतात. धागे ओढून तुटत नाहीत. आधी कडी कापली जाते, मग ते सरकतात. हा फरक परीक्षेच्या उत्तरांत फार थोडी मुले लिहितात. अंत्यावस्थेत दोन नवी केंद्रके तयार होतात, आणि मग परिकल, म्हणजे केंद्रकाबाहेरचे पेशीद्रव्य, विभागतो. प्राण्याच्या पेशीला मध्यावर नाडीने आवळल्यासारखी खाच पडते. वनस्पतीला कडक भिंत असल्याने आवळता येत नाही, म्हणून तिथे मध्यभागी लहान पुटिका (सूक्ष्म पिशव्या) गोळा होतात आणि आतून बाहेरच्या दिशेने नवी भिंत घातली जाते. स्लाइडवर दोन केंद्रकांमध्ये अस्पष्ट आडवी रेघ दिसली, तर ती हीच. लैंगिक पेशी तयार करणारे अर्धसूत्री विभाजन यापेक्षा वेगळे असते, तिथे एकदा प्रत काढून दोनदा वाटणी होते. तो विषय स्वतंत्र असल्याने इथे फक्त नोंद करतो.

आता पहिला प्रश्न. पेशी नुसती फुगत का जात नाही? घनाची बाजू दुप्पट केली तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट. अन्न आणि ऑक्सिजन आत येणे, टाकाऊ पदार्थ बाहेर जाणे, हा व्यवहार पृष्ठभागातून होतो आणि गरज घनफळानुसार वाढते. म्हणून आकार वाढला की आतल्या भागाची उपासमार होते. शिवाय केंद्रकातील सूचनांची प्रत ठरावीकच असते आणि तिच्यावरून तयार होणारा माल मोठ्या पेशीला पुरत नाही. हे उत्तर बरोबर असले तरी पुस्तके ते जरा जास्तच ठासून सांगतात. बैलहोंगलच्या बाजारात येणारा कापूस हातात घेऊन पाहावा. त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या कातडीवरील एकच पेशी असते, जी एकदाही न विभागता दोनतीन सेंटिमीटर लांब होते. तिला ते साधते, कारण ती चेंडूसारखी फुगत नाही, केसासारखी लांबते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग घनफळाच्या मानाने मोठा राहतो. मधली बहुतेक जागा रसाने भरलेली रिक्तिका व्यापते आणि जिवंत द्रव्याचा केवळ पातळ थर कडेला उरतो. म्हणजे मोठे होण्यावर बंदी नाही, मोठे होण्याची किंमत आहे, आणि काही पेशी ती निराळ्या मार्गाने चुकवतात.

विभागण्याची दुसरी कारणे अधिक सरळ आहेत. एकपेशीय जीवाला तेच पुनरुत्पादन. रात्री दुधाला विरजण लावले की सकाळपर्यंत दही होते, त्यामागे जिवाणूंचे दुपटीने वाढणे असते. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू दहा तासांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होऊ शकतो, आणि डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत दही लागायला उशीर होतो तो हा वेग मंदावल्यामुळे. बहुपेशीय शरीरात एका फलित अंड्यापासून अंदाजे ३७ लाख कोटी पेशींचा माणूस उभा राहतो; दुपटीच्या हिशेबाने पाहिले तर त्याला केवळ ४५ फेऱ्या पुरतात. आणि झीज भरून काढणे तर रोजचेच: लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकते, म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी पुरवाव्या लागतात, आणि आतड्याचे अस्तर तीनपाच दिवसांत नवे होते. उसाच्या कांडीवरचा डोळा फुटून फड उभा राहतो, तोही सूत्री विभाजनानेच. चिकोडी-अथणी पट्ट्यात ‘को ८६०३२’ हा वाण मैलोन्‌मैल दिसतो, तो बियाण्यातून पेरलेला नसतो, कांड्यांतून लावलेला असतो, म्हणून त्या साऱ्या उसाचा जनुकीय वारसा एकच आहे. एखाद्या रोगाला तो वाण बळी पडला तर शेजाऱ्याचा फडही सुरक्षित नसतो, त्याचे मूळ यातच आहे.

दुसरा प्रश्न, वेळ झाली हे कोण सांगते, हा मला तिन्हींत सर्वांत गहन वाटतो. आतल्या घड्याळाचे कोडे सुटले ते किण्व (यीस्ट) आणि समुद्री साळिंदर (सी अर्चिन) या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांवर. लेलँड हार्टवेल यांनी पावाच्या किण्वात चक्र ठरावीक जागी अडकणारे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, प्रकार शोधले. पॉल नर्स यांना दुसऱ्या एका किण्वात आकाराने पुरेसा होण्याआधीच विभागणारा, त्यामुळे बुटका राहणारा प्रकार सापडला. एडिनबरात काम चालू असल्याने त्यांनी त्याला स्कॉटलंडच्या बोलीतील ‘वी’, म्हणजे चिमुकला, असे नाव दिले. टिम हंट यांना १९८२ मध्ये साळिंदराच्या अंड्यांत एक प्रथिन दिसले, जे प्रत्येक विभाजनापूर्वी साचत जाते आणि विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसे होते. त्याला सायक्लिन म्हणतात. सायक्लिन साचते तेव्हा ते एका विकराला जागे करते, ते विकर शेकडो प्रथिनांवर फॉस्फेटची खूण करते आणि पेशी पुढच्या टप्प्यात जाते. मग सायक्लिन मुद्दाम नष्ट केले जाते, म्हणून चक्र मागे फिरू शकत नाही. या तिघांना २००१ चे नोबेल मिळाले. यात मला थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे: १९८७ मध्ये नर्स यांच्याच प्रयोगशाळेत सायक्लिन ज्या विकराला जागे करते त्याचे माणसाच्या पेशीतील जनुक त्यांच्या किण्वात घातले, तेव्हा बिघडलेले किण्व सुरळीत विभागू लागले. एका साध्या किण्वाच्या आणि आपल्या घड्याळाचे भाग एकमेकांना बसतात.

आपण पुरेसे मोठे झालो हे पेशी मोजते कशी? वनस्पतींपुरते एक सुंदर उत्तर २०२१ मध्ये इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटरच्या संशोधकांनी दिले. मोहरीच्या कुळातील एका छोट्या रोपट्याच्या खोडाच्या टोकाशी, विभाजन रोखणारे एक प्रथिन गुणसूत्रांना चिकटून राहते आणि त्यांच्याबरोबरच वाटले जाते. त्यामुळे मातृपेशीचे असमान भाग झाले तरी दोन्ही कन्यापेशींना रोखणारे प्रथिन सारखेच मिळते. लहान कन्येत ते दाट असते, तिला ते पातळ होईपर्यंत अधिक वाढावे लागते. मोठीला लवकर परवानगी मिळते. दर पिढीत आकार पुन्हा मापात येतो तो असा. डीएनए स्वतःच तिथे मापाचे काम करतो.

पण शरीरातली पेशी केवळ आपल्या घड्याळावर चालत नाही, तिला बाहेरून होकार लागतो. या ठिकाणी निपाणीच्या विद्यार्थिनीला तिच्या घरामागचे पीक आठवावे. तंबाखूच्या खोडातील भेंडासारख्या मऊ भागाचे तुकडे अन्नद्रवात ठेवले तर त्यांच्या पेशी फुगतात, पण विभागत नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांच्या गटाने १९५५ मध्ये, तापवलेल्या डीएनएपासून मिळालेला एक पदार्थ त्यात घालताच त्या विभागू लागल्याचे दाखवले. त्याला त्यांनी कायनेटिन नाव दिले आणि सायटोकायनिन या संप्रेरकांचा शोध तिथून सुरू झाला. पुढे त्यांनी हेही दाखवले की ऑक्झिन या दुसऱ्या वनस्पती-संप्रेरकाचे प्रमाण अधिक असेल तर त्या गोळ्यातून मुळे फुटतात आणि सायटोकायनिन अधिक असेल तर कोंब. आज शेतकरी केळीची उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे आणून लावतो, ती या तंबाखूच्या तुकड्याची उपकारऋणी आहेत.

होकाराइतकेच नकारालाही महत्त्व आहे. डीएनएला इजा झाली की पी-५३ नावाचे प्रथिन चक्र थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरण्याचा आदेश देते. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत ४० ते ६० वेळा विभागून थांबतात. प्रत्येक प्रतीत गुणसूत्राची टोके थोडी झिजतात, हे त्यामागचे प्रमुख कारण. मेंदूतील बहुतेक चेतापेशी चक्रातूनच बाहेर पडलेल्या असतात. कर्करोग हा वेगाने विभागण्याचा रोग आहे असे लोक म्हणतात, पण तो थांबता न येण्याचा रोग आहे असे म्हणणे अधिक नेमके; आतड्याचे निरोगी अस्तर अनेक गाठींपेक्षा जलद विभागते. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ बिघडलेले सापडते, आणि तंबाखूतील द्रव्ये डीएनएला इजा करून जी जनुके बिघडवतात त्यांत तेही असते. पेशीला होकार कसा मिळतो हे आपल्याला ज्या रोपट्याने शिकवले, त्याच्याच पानाने नकार देणारे प्रथिन मोडावे, हा योगायोग निपाणी परिसरात शिकवणाऱ्याला टाळता येत नाही.

आपल्या भागातल्या तीन वनस्पती हे चक्र नेमके कुठे थांबवता येते ते दाखवतात. खानापूरच्या जंगलात आढळणाऱ्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचा पदार्थ असतो. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या विकराला तो डीएनएवरच अडकवून ठेवतो, त्यामुळे प्रत काढतानाच धागा तुटतो. हा पदार्थ प्रथम १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळा केला तो मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी. नरक्यातही तो असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर सह्याद्रीत या झाडांची जी बेसुमार तोड झाली तिची भरपाई अजून झालेली नाही. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी आणि दारातली सदाफुली या दोघी मात्र प्रतीला हात लावत नाहीत, चातीला धरतात. कळलावीतील कोल्चिसिन आणि सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टिन सूक्ष्मनलिका उभारू देत नाहीत, मग गुणसूत्रे जोडली जात नाहीत आणि पेशी मध्यावस्थेपाशी खोळंबून राहते. व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते, तर कोल्चिसिनने चाती मोडून गुणसूत्रे दुप्पट केलेली रोपे तयार करतात; बिनबियांचे कलिंगड त्याच वाटेने आले. केस गळणे, तोंड येणे हे अशा उपचारांचे त्रास का होतात, तेही यावरून समजावे, कारण औषध गाठ ओळखत नाही, विभागणारी पेशी ओळखते. कळलावीचा कंद अत्यंत विषारी आहे आणि तो पोटात गेल्याने माणसे दगावली आहेत, एवढे बजावून ठेवतो. आमच्याकडे ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होत नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

विद्यार्थिनीने पुढच्या वेळी एवढे करावे. पिवळसर टोक फेकू नये. एकाच स्लाइडवर निरनिराळ्या जागी मिळून हजार पेशी मोजाव्यात आणि प्रत्येक अवस्थेतील संख्या वेगळी लिहावी, म्हणजे कोणत्या अवस्थेला किती वेळ लागतो याचा अंदाज तिचा तिलाच येईल. मग मध्यावस्थेतील चांगली पसरलेली एखादी पेशी शोधून मोठ्या भिंगाखाली गुणसूत्रे मोजावीत. सोळा भरली तर उत्तम. पंधरा भरली, तर कांद्याला दोष न देता सूक्ष्मदर्शकाचे बारीक चक्र किंचित फिरवून पुन्हा पाहावे, कारण बहुतेक वेळा सोळावे दुसऱ्याच्या खाली दडलेले असते.